संशोधन संस्थेत शिकवते कोण? जैववैद्यकीय क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

विद्यापीठाच्या जैववैद्यकीय संशोधन संस्थेत मी पीएचडीसाठी दाखल झाले, तेव्हा शिकवणे हे महाविद्यालयांचे काम आणि इथे फक्त संशोधन, अशी माझी समजूत होती. वर्गखोल्या जेमतेम दोन आणि बाकी सगळ्या प्रयोगशाळा, त्यामुळे ही समजूत महिनाभर टिकलीही. अशा संस्थेतल्या शिकवण्याचा मोठा भाग वेळापत्रकात दिसतच नाही. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी नव्याला निर्जंतुक हाताळणी दाखवतो, पोस्टडॉक (पीएचडीनंतर तिथे संशोधन करणारा) त्या विद्यार्थ्याच्या आकृत्या तपासतो आणि मार्गदर्शकापर्यंत पोहोचेतो प्रश्न दोन-तीन हातांखालून गेलेला असतो. प्रयोगशाळा निवडताना ही साखळी चालू आहे की नाही हे आधी पाहावे, शोधनिबंधांची यादी नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही संस्थांत पहिल्या वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे आळीपाळीने काम करता येते. त्या काळात उत्तम निष्कर्ष मिळवण्याची धडपड फारशी उपयोगाची नसते. त्यापेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट विचारावी: फसलेला प्रयोग लॅब मीटिंगमध्ये मांडला तर काय होते? उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे पाहू लागले, तर त्यातून काय समजायचे ते समजावे.

माझा स्वतःचा फसलेला प्रयोग पेशीसंवर्धनाचा, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा होता. पेशी ठेवायची उबदार पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, ३७ अंश सेल्सिअसवर, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, पेशींना पोसणारे द्रव माध्यम पारदर्शक. तरीही पेशी मंद वाढत होत्या आणि दर आठवड्याला औषधाचा परिणाम वेगळाच दिसत होता. दोन महिने मी औषधालाच दोष देत राहिले. अखेर एका वरिष्ठ सहकारी बाईंनी मायकोप्लाझ्माची तपासणी केली का, असे सहज विचारले. हे जिवाणू इतके लहान असतात की ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही काही निसटू शकतात. त्यांना पेशीभित्तिका नसल्याने भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन त्यांच्यावर चालत नाही. आणि इतर जिवाणूंनी होते तसे माध्यम त्यांच्यामुळे सहसा गढूळही होत नाही. डीएनएच्या असंख्य प्रती करून त्याचा माग काढणाऱ्या पीसीआर चाचणीत संसर्ग स्पष्ट दिसला. सगळ्या पेशी टाकून द्याव्या लागल्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींची जुनी कुपी काढून, तिचीही आधी तपासणी करून, पुन्हा सुरुवात करावी लागली. बाई रागावल्या नाहीत. पुढच्या तुकडीला हा विषय तूच शिकव, एवढेच म्हणाल्या. त्या वेळी मला ती शिक्षाच वाटली होती.

संस्थेकडे पदवीच्या आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकेही असतात आणि ती घेण्याची जबाबदारी बहुधा संशोधक विद्यार्थ्यांवर येते. माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकात पिपेटचा (थोडासा द्रव नेमका मोजून घेण्याच्या साधनाचा) खटका दोन टप्प्यांत दाबायचा असतो, हे सांगण्यातच अर्धा तास गेला. नंतर मी प्रत्येकाला १०० मायक्रोलीटर पाणी तराजूवर टाकायला लावू लागले. ते ०.१ ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. आकडा समोर दिसला की हाताची चूक मुलांना आपोआप कळते, मला बोलावे लागत नाही. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, डीएनएऐवजी नुसते पाणी घातलेली नळी कशाला लावायची, तिच्यात काही येणारच नाही. पीसीआरच्या दर फेरीत डीएनएच्या प्रती साधारण दुप्पट होतात, म्हणजे ३० फेऱ्यांनंतर एका रेणूचे तत्त्वतः शंभर कोटींहून अधिक होतात; म्हणून एखाद्या थेंबातून चुकून आलेला अंशही खरा निष्कर्ष असल्यासारखा दिसतो आणि ते उघड करायला तीच नळी लागते, असे मी फळ्यावर मांडून दाखवले. मांडता मांडता मला आठवले की घाईत मी स्वतः त्याच आठवड्यात ती नळी लावलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तो प्रयोग पुन्हा केला.

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रश्न निराळे असतात. या नमुन्याच्या मागचा रुग्ण कोण, त्याने संमती कशासाठी दिली होती, आता याच नमुन्यावर दुसरी चाचणी करता येईल का, असे ते विचारतात, आणि नीतिसमितीची मंजुरी व संमतिपत्र हे मला तोवर कागदपत्रांचे ओझे वाटत असल्याने सुरुवातीला माझ्याकडे धड उत्तर नसे. प्राण्यांवरील प्रयोगांचेही तसेच आहे. पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे प्रशिक्षणात सर्वांना सांगितली जातात. पण गटातील प्राण्यांची संख्या नेमकी एवढीच का, हे दुसऱ्याला पटवून द्यायची वेळ आली तेव्हा मला संख्याशास्त्र पुन्हा उघडावे लागले.

व्यवहाराची बाजूही विचारून घ्यावी. शिकवण्याचे तास किती, तयारी आणि उत्तरपत्रिका त्यात धरल्या आहेत का, मोबदला स्वतंत्र की शिष्यवृत्तीतच, हे प्रवेशाच्या वेळी विचारण्यात संकोच करू नये; माझ्या वेळी मी विचारले नाही आणि एक सत्र प्रयोगांविना गेले. सत्राचे वेळापत्रक हाती आले की लांब चालणारे प्रयोग प्रात्यक्षिकांच्या आठवड्यांत लावू नयेत. आणि प्रत्येक प्रात्यक्षिक आदल्या दिवशी, मुलांना मिळणाऱ्याच रसायनांनी आणि त्याच पिपेटांनी, स्वतः एकदा पूर्ण करून पाहावे.