वडिलांचं गाव शोधायचंय? सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या बाईपासून करा

माझा जन्म परळच्या चाळीतला. बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घर विस्कटलं, त्यात भावकीत वाद होऊन गावाला जाणंच बंद झालं, आणि मी कॉलेजात असताना बाबा गेले. कुणी "गाव कुठलं?" विचारलं की मी "कोकण" म्हणायचे आणि विषय बदलायचे. आता गाव सापडलंय, म्हणून हे लिहितेय. अनुभव सिंधुदुर्गाचा आहे पण बाकी ठिकाणीही बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला गाठा. आत्या, चुलतआजी, कुणीही. पुरुषांकडे गेलात तर जमिनीचं भांडण ऐकायला मिळतं, बायकांना विहिरी, देवळं, वाटा आठवतात. आणि नुसतं गावाचं नाव विचारून थांबू नका. लग्नानंतर ओटी कुठल्या देवीची भरली, ग्रामदेवता कोण, वाडी कुठली, बाजाराला कुठे चालत जायचे, आधी आडनाव वेगळं होतं का, हे विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण दुसऱ्यांदा विचारायला माणूस असेलच असं नाही.

माझी आत्या जे नाव सांगायची ते मुळात गावच नव्हतं, वाडी होती, आणि वाडी सरकारी यादीत मिळत नाही. इथे माझे सहा महिने गेले. शेवटी आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, बाबांनी पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पोचपावत्यांचा गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला. प्रत्येक पावतीवर जांभळ्या शाईत आजीचा अंगठा, आणि बाजूला गावच्या पोस्टाचा शिक्का. बहुतेक पुसट होते, एकावर नाव नीट वाचता आलं. मी त्या अंगठ्यावर किती वेळ बोट ठेवून बसले होते मलाच माहीत नाही. तर घरातल्या ट्रंका, जुन्या पत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं उघडून बघा. दाखल्यावर "जिल्हा रत्नागिरी" असेल तर गोंधळू नका, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ ला. तसंच लातूर १९८२ च्या आधी उस्मानाबादेत होतं आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात.

गावाचं नाव मिळालं की महाभूलेखवर, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर, जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनावाने सातबारा शोधा, फुकट दिसतो. आजोबांचं नाव नाही दिसलं म्हणून निराश होऊ नका, पूर्वी थोरल्या भावाचं नाव लावून पुढे "ए.कु.मॅ." लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या मागे असतात. मग त्या गटाचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढायच्या. कुणी वारलं की वारसनोंद होते, त्यात मुलांची नावं ओळीने येतात, आमची अर्धी वंशावळ मला तिथेच मिळाली. जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असते, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मागा. फार जुने कागद मोडी लिपीत असतात, वाचून देणारे लोक आहेत, अंदाजाने वाचू नका. शिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात, तुमच्या घरातलं कुणी पूर्वी तिथे गेलं असेल तर नाव निघतं.

आणि मुंबईत राहत असाल तर गावाचं ग्रामस्थ मंडळ आहे का ते लालबाग-परळकडे विचारा, कोकणातल्या खूप गावांची मंडळं आहेत. मला चुलतकाकांचा नंबर तिथूनच मिळाला.

आता प्रत्यक्ष जाणं. हे सगळ्यात नाजूक आहे. सातबाऱ्याची प्रिंट हातात घेऊन घरात शिरू नका प्लीज, लोकांना वाटतं हिस्सा मागायला आले. आधी फोन करा, मग नारळ घेऊन थेट देवळात जा. मी तशीच गेले, पायरीवर बसलेल्या एका आजीने विचारलं, "तू कोणाचा चेडू गो?" मी बाबांचं नाव सांगितलं तर कुणाला कळेना, मग आजोबांचं सांगितलं आणि ती उठून उभीच राहिली. म्हणून दोन पिढ्या मागची नावं पाठ करून जा, गावात तीच चालतात.

गुरवाने देवाला गाऱ्हाणं घातलं, म्हणजे आमच्या वतीने मोठ्याने प्रार्थना केली, त्यात आमच्या घराण्याचं नाव घेतलं, आणि मागे उभे असलेले चार-पाच जण, ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, एका आवाजात म्हणाले "होय म्हाराजा".

जमिनीचं पहिल्या भेटीत काढू नका. जेवायला बसवलं तर बसा, फोटोंचा अल्बम मागा, मागच्या बाजूला नावं लिहून घ्या. निघताना काकूने पिशवीत कोकमं भरली आणि म्हणाली, "चवतीक ये हां." असं बोलावणं आलं तर घरी पोचल्यावर पहिलं काम तारीख बघायची, कारण रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत फुल्ल होतात.