१७५२ पूर्वीच्या इंग्लिश तारखा कशा वाचाव्यात

जुन्या इंग्लिश चर्चच्या नोंदवहीत एखादं लग्न जून १६६० मध्ये आणि त्याच जोडप्याच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६६० मध्ये दिसला, तर घाईने निष्कर्ष काढू नका. बाप्तिस्मा लग्नानंतर आठ महिन्यांनीच झालाय. तिथे तेव्हा साल २५ मार्चला बदलत असे. ३१ डिसेंबर १६६० नंतर १ जानेवारी १६६० यायची, आणि १६६१ उजाडायचं ते थेट २५ मार्चला.

म्हणून आधी नोंद कुठली ते पाहा. स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी धरली, तिथल्या सालाला हात लावायचा नाही. नोंद इंग्लंड-वेल्सची असेल आणि तारीख १ जानेवारी ते २४ मार्चमध्ये पडत असेल, तर सालात एक मिळवा. मात्र मूळ आकडा टाकून देऊ नका, १६६०/६१ असं जोडून लिहा. नुसतं १६६१ लिहिलंत, तर पुढचा वाचणारा त्यात आणखी एक मिळवून मोकळा होतो. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर जानेवारी १६४८ आहे, पुस्तकांत शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ चा. दोन्ही बरोबर.

महिनाही चकवतो. ७ च्या आकड्याला 'बर' जोडलेलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. क्वेकर पंथीयांचा 'पहिला महिना' म्हणजे मार्च.

इंग्लंड तेव्हा जुनं (ज्युलियन) कॅलेंडर वापरत होतं, युरोपातले बरेच देश नवं (ग्रेगोरियन), आणि नवं काही दिवस पुढे असे. दिवस बदलायचे ते फक्त नवं कॅलेंडर वापरणाऱ्या देशांशी मेळ घालताना. पुढे इंग्लंडचा राजा झालेला डच राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंज ११ नोव्हेंबर १६८८ ला हॉलंडहून निघाला आणि ५ नोव्हेंबरला इंग्लंडात टॉर्बेला उतरला! निघाल्याची तारीख नवी, उतरल्याची जुनी. फेब्रुवारी १७०० पर्यंतच्या जुन्या तारखेत १० दिवस मिळवा, मार्च १७०० पासून ११. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या न्यूटनच्या स्मारकावर मृत्यूची तारीख २० मार्च १७२६ आहे. आधी साल सुधारा: १७२७. मग नव्या कॅलेंडरशी मेळ घालायचा असेल तरच ११ दिवस: ३१ मार्च १७२७. इंग्लंडातल्या इंग्लंडात घडलेल्या घटनेला हे दिवस मिळवू नयेत, इतिहासकारही सहसा फक्त साल बदलतात.

१७५२ मध्ये ब्रिटनने नवं कॅलेंडर घेतलं, तेव्हा बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर आला. मधल्या ११ तारखा ब्रिटनमध्ये नाहीतच. ब्रिटिश कागदावर ७ सप्टेंबर १७५२ दिसली, तर आकडा पुन्हा नीट वाचा.