विजेच्या गाडीच्या चार्जिंगचा वेळ आणि खर्च कसा काढावा

चार्जरवर लिहिलेला किलोवॉटचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. तेवढ्या वेगाने आपली गाडी चार्ज होईलच असे नाही. घरच्या एसी चार्जिंगमध्ये बाहेरचा चार्जर आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर (घरची एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसीत बदलणारा) यांपैकी ज्याची क्षमता कमी, त्याच्या वेगाने बॅटरी भरते, म्हणून ३.३ किलोवॉटचा ऑनबोर्ड चार्जर असलेल्या गाडीसाठी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे. डीसी चार्जर थेट बॅटरीला वीज पुरवतो, पण तिथेही साधारण ८० टक्क्यांनंतर वेग बराच मंदावतो.

समजा, ४५ युनिटांची (किलोवॉट-तासांची) बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. बॅटरीत २७ युनिट भरायचे असले, तरी एसी चार्जिंगमध्ये सुमारे दहा टक्के वीज उष्णतेत जात असल्याने मीटरवर ३० युनिट धरावेत. ३.३ किलोवॉटने त्याला नऊ तास लागतील, ७.२ किलोवॉटने चार तासांहून थोडे अधिक.

खर्च काढताना बिलातला सरासरी दर धरू नये. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात आणि गाडीचे युनिट घरातल्या वापराच्या वर पडत असल्याने त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि वीज शुल्कही मिळवावे. हा दर दहा रुपये धरला, तर खर्च ३०० रुपये येतो. सार्वजनिक डीसी चार्जरवर वीज कमी वाया जाते असे धरून २० रुपये दराने २८ युनिट घेतल्यास १८ टक्के जीएसटीसह सुमारे ६६० रुपये होतात. बॅटरीत भरलेल्या युनिटला साडेसहा किलोमीटर धरल्यास घरी किलोमीटरमागे पावणेदोन रुपये पडतात, बाहेर पावणेचार.

ट्रकचा हिशेब इथे वेगळा होतो. २५० युनिटांच्या बॅटरीत १५० युनिट भरायला ६० किलोवॉटच्या चार्जरवर किमान अडीच तास जातात. डेपोत असे पाच ट्रक एकाच वेळी लावले, तर मागणी (एका वेळी ओढली जाणारी वीज) ३०० किलोवॉटवर जाते आणि उच्चदाब ग्राहकाला युनिटांच्या दराखेरीज त्या मागणीचाही आकार भरावा लागतो. तेच ट्रक रात्रभरात दोन चार्जरांवर पाळीपाळीने लावले, तर १२० किलोवॉटमध्ये काम भागते. त्यामुळे ट्रक किती वाजता परततात आणि किती वाजता निघतात हे आधी मांडावे, आणि मगच चार्जरांची संख्या व मंजूर भार (वीज कंपनीकडून मंजूर करून घ्यायची क्षमता) ठरवावा.