नवतप्यातही टिकेल असं गाडीच्या आतलं रॅपिंग

डॅशबोर्डवरची आडवी पट्टी, दारांवरचे पॉवर विंडोचे स्विच पॅनल, गिअरभोवतीची चौकट. एवढे तुकडे विनाइल फिल्मने घरच्या घरी, एका रविवारात झाकून होतात. फिल्म चिकटवणं सोपं आहे, नागपुरात ती मे महिन्यात चिकटून राहणं कठीण. बाहेर ४५ अंश असताना काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंशांपुढे जातो. डिसेंबरात गुळगुळीत दिसणारं काम मग कोपऱ्यांपासून सुटायला लागतं. खालची सगळी काळजी त्या नवतप्यासाठीच, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांसाठीच आहे.

फिल्म दोन जातींची येते, कॅलेंडर्ड आणि कास्ट. कॅलेंडर्ड फिल्म पोळीसारखी लाटून पातळ केलेली असते. लाटतानाचा ताण तिच्या अंगात राहतो, ऊन लागलं की ती आकसते आणि कडेला एक-दोन मिलिमीटर जुनं प्लास्टिक उघडं पडतं. कास्ट फिल्म द्रव रूपात पसरवून वाळवलेली असते, म्हणून ती फारशी आकसत नाही. महाग आहे, पण लागते किती? रोल १५२ सेंटिमीटर रुंद असतो. हॅचबॅकच्या चार दारांचे स्विच पॅनल, पट्टी आणि गिअरची चौकट मिळून एक मीटर लांबी पुरते आणि एखादा तुकडा वाया गेला तरी भागतं. रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा, पण डॅशबोर्डवर चकचकीत फिल्म नको. दुपारी तिची झळाळी समोरच्या काचेत उमटते आणि रस्ता दिसेनासा होतो. मॅट किंवा ब्रश्ड, म्हणजे घासलेल्या धातूसारख्या बारीक रेघांची, घ्या. ब्रश्ड असेल तर कापण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या मागच्या कागदावर बाण काढून ठेवा, नाहीतर एका दाराच्या रेघा आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या येतात.

बाकी सामान: ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन मायक्रोफायबर कापडं, फेल्ट लावलेली स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी), ३० अंशांच्या टोकदार पात्याचा कटर आणि जास्तीची पाती, तुकडे उचकटायचे प्लास्टिकचे ट्रिम टूल, हीट गन आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. थर्मामीटर चैन वाटेल, पण घ्याच. कारण पुढे येईल.

काय झाकायचं नाही, हे आधी. एअरबॅगचं झाकण ठरलेल्या रेषेवर फाटून उघडतं. त्यावर फिल्म आली तर ते हवं तसं उघडेल याची खात्री उरत नाही. स्टीअरिंगचा मधला भाग आणि प्रवाशासमोरचं झाकण सोडा. कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर काचेच्या कडेचे पिलरही सोडा. एप्रिल २०२१ पासून आलेल्या नव्या मॉडेलांत पुढच्या प्रवाशाच्या बाजूलाही एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा नव्या गाडीत ती आहेच असं धरून चाला.

तुकडे काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि निदान १० मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा. जागेवरच फिल्म लावण्याचा मोह होतो, पण कडा मागे वळवता आली नाही तर काम टिकत नाही. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याचा वण आयुष्यभर राहतो. ट्रिम टूल क्लिपच्या शक्य तितकं जवळ सारा आणि सरळ बाहेर ओढा. उन्हाने कडक झालेल्या जुन्या क्लिपा तुटतातच, तेव्हा चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. काही गाड्यांत धातूच्या स्प्रिंग क्लिपा असतात. त्या निसटून डॅशबोर्डच्या पोटात पडल्या की वर्षभर खुळखुळतात. पट्टी ओढण्याआधी खालच्या फटीत जुनं फडकं कोंबून ठेवा.

आता तुकडा उलटा करा. मागे प्लास्टिकची जात कोरलेली असते. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर उत्तम. पीपी असेल आणि वर खरबरीत दाणे असतील तर त्यावर फिल्म नीट धरत नाही, तो तुकडा तसाच राहू द्या.

सफाईत अर्धं यश आहे. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन हा खरा शत्रू. आधी साबणाचं कोमट पाणी, मग सुकवून अल्कोहोल, कापडाची बाजू बदलत दोनदा. त्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा गोल उभा राहिला तर पुन्हा पुसा. यानंतर पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, आणि तर्री-पोहे खाल्लेलं बोट तर नाहीच.

काम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी या काळात, खोलीत, पंखा बंद करून करा. कूलर लावलेल्या खोलीत मुळीच नको. तो धूळ आणि दमट हवा दोन्ही फेकतो, आणि धुळीचा प्रत्येक कण फिल्मखाली पुरळासारखा दिसतो. मे महिन्यात गोंद इतका लवकर धरतो की फिल्म उचलून पुन्हा लावायची सोय राहत नाही.

फिल्म चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर जास्त कापा. मधून सुरुवात करून स्क्वीजी बाहेरच्या बाजूला ओढा. सुरकुती पडली की दाबू नका. उचला, थोडी गरम करा म्हणजे ती आपोआप सरळ होते, मग पुन्हा बसवा. खोलगट जागी फिल्म वरून ताणून आत ढकलली की ती उन्हाळ्यात पुन्हा वर येते. तिथे आधी गरम करून सैल फिल्म आत बसवा, मग बाजू घ्या. फार खोल असेल तर सांध्यावर वेगळा तुकडा लावा, तो जास्त टिकतो.

कोपऱ्यावर फिल्म मागे वळवताना इंग्रजी व्ही अक्षराची खाच कापा, पण खाचेचं टोक समोरच्या कडेच्या २ मिलिमीटर अलीकडेच थांबवा. मागे ८ ते १० मिलिमीटर पट्टी चिकटलेली हवी. स्विचच्या भोकात मात्र फिल्म आत वळवू नका. जाडी दोन्हीकडे जेमतेम ०.१ मिलिमीटर वाढते, पण तेवढ्याने खिडकीचं बटण अडकून राहतं. तिथे कडेबरोबर कापायची.

शेवटचं काम लोक टाळतात, आणि मे महिन्यात तेच भोवतं. ताणलेल्या फिल्मला आपलं मूळ माप आठवत असतं. ते विसरायला लावायचं तर वळवलेल्या सगळ्या कडा आणि कोपरे साधारण ९० अंशांपर्यंत तापवावे लागतात. इकडे एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मधली जागा एवढीशी, म्हणून थर्मामीटर. हीट गनवरचा आकडा हवेचा असतो, तुकड्याचा नाही. गन १५ सेंटिमीटर दूर, सतत हलती ठेवा, दर काही सेकंदांनी मोजा आणि आकडा आला की पुढे सरका. पातळ पट्टी एकाच जागी तापवली तर ती वाकते आणि मग क्लिपा जागेवर बसत नाहीत.

तुकडे २४ तास घरात ठेवून मग बसवा. बॅटरीची वायर सगळे प्लग जोडल्यावर, सर्वात शेवटी. पहिले दोन दिवस गाडी सावलीत. बारीक फुगा राहिला असेल तर सुईने टोचून बोटाने दाबा. आणि सर्व्हिसिंगला देताना आतून पॉलिश मारू नका असं जॉबकार्डवर लिहून घ्या. ते तेलकट पाणी कडांशी साचतं, धूळ धरतं आणि आठवड्याभरात प्रत्येक जोडावर काळी रेघ दिसते.