कनेक्टिंग रॉड: तीन मटेरियल, जवळजवळ एकच फ्रिक्वेन्सी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी मोटरसायकलच्या कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) मोडल अ‍ॅनालिसिस घेतलं होतं, म्हणजे रॉड कोणत्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून कंपन पावतो ते संगणकावर काढायचं. मॉडेल एकच, मटेरियल तीन: स्टील, ७०७५ अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम. पहिली बेंडिंग फ्रिक्वेन्सी (रॉड वाकत कंपन पावतो ती) आली ३,१००, ३,०६५ आणि ३,०७५ हर्ट्झ. कुठेतरी चुकलंय असं धरून मी दोन रात्री मेश (मॉडेलचे हिशोबासाठी केलेले तुकडे) बारीक करत बसले. चुकलं काहीच नव्हतं.

आकार तोच ठेवला की फ्रिक्वेन्सी ठरते यंग्ज मॉड्युलस (मटेरियलचा ताठरपणा) भागिले घनता याच्या वर्गमुळावर. वहीत भागाकार करून बघा (गिगापास्कल भागिले ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर): स्टीलचे २०५ भागिले ७.८५, अ‍ॅल्युमिनियमचे ७१.७ भागिले २.८१, टायटॅनियमचे ११३.८ भागिले ४.४३. तिन्ही उत्तरं २५.५ ते २६च्या घरात. ग्रे कास्ट आयर्न घेतलं तर १५च्या आसपास, म्हणून तिथे फ्रिक्वेन्सी खरोखर खाली येते. हा भागाकार सॉफ्टवेअर उघडण्याआधी करायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याआधीची एक चूक मात्र खरी होती. अ‍ॅबॅकस (Abaqus) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये युनिट निवडायची सोय नसते. मिलिमीटर आणि मेगापास्कल वापरत असाल तर स्टीलची घनता टन प्रति घन मिलिमीटरमध्ये, ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, अशी द्यावी लागते. मी उणे ६ दिली. फ्रिक्वेन्सी ३१.६ पटींनी घसरून ९८ हर्ट्झ झाली. ६,००० आरपीएम म्हणजे नेमके १०० हर्ट्झ, त्यामुळे रेझोनन्स (इंजिनच्या फेऱ्यांशी फ्रिक्वेन्सी जुळून कंपन वाढणं) सापडला म्हणून मी अर्धा रिपोर्ट लिहूनही टाकला होता.

वाचवलं ते गॅरेजमधून आणलेल्या जुन्या रॉडने. दोऱ्याने टांगला, छोट्या हातोडीने टिचकी मारली, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून स्पेक्ट्रम (कोणती फ्रिक्वेन्सी किती जोरात, याचा आलेख) काढला. शिखर तीन हजारांच्या जवळ! असा लोंबता रॉड म्हणजेच फ्री-फ्री कंडिशन. सिम्युलेशनमध्येही दोन्ही टोकं मोकळीच ठेवा. पहिले सहा मोड (कंपनाचे प्रकार) शून्याजवळ येतील, ती नुसती मोकळी हालचाल, सातव्यापासून मोजा.

मग मटेरियल निवडायचं कशावर? आधी वजनावर. त्याच आकारात टायटॅनियम स्टीलपेक्षा ४४ टक्के हलकं, अ‍ॅल्युमिनियम ६४ टक्के. क्रँकची त्रिज्या २५ मिलिमीटर धरली तर ६,००० आरपीएमला क्रँकपिनपाशी (क्रँकवर रॉड बसतो तो खुंट) फिरणारा एक ग्रॅम जवळजवळ एक किलोच्या जोराने ओढतो. १९९०च्या होंडा एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड बसवले ते याच हिशोबाने. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलसारखी एन्ड्युरन्स लिमिट (जिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी तुकडा तुटत नाही ती मर्यादा) नाही, आणि गरम झाल्यावर ते स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे बिग एंडचा (रॉडचं क्रँककडचं मोठं टोक) क्लिअरन्सही, म्हणजे तिथली फटही, बदलतो. ड्रॅग रेसिंगमध्ये रॉड वरचेवर बदलतात, तिथे ते चालतं. रोज ऑफिसला जाणाऱ्या बाइकमध्ये मी फोर्ज्ड स्टीलच घालेन.