भित्तिचित्राच्या कामात उतरताय? आधी भिंत बघायला शिका

आर्ट कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना वाटतं, भित्तिचित्र म्हणजे कागदावरचंच चित्र, फक्त मोठं. गोव्यात वाड्यावाड्यांवर, म्हणजे गावातल्या वस्त्यांवर, हे काम करताना माझा निम्म्याहून अधिक वेळ भिंत आणि माणसं यांतच जातो. ब्रश त्यानंतर.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आवाराच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा पाणी पितो. ऑक्टोबरात वरून खडखडीत दिसणारी भिंत आतून ओलीच असते. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल, तर प्रायमरचा डबा उघडू नका. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, वर शेवाळनाशक मारा. गिलावा नवा असेल तर महिनाभर थांबा, सिमेंटमधला क्षार रंग खातो. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक इमल्शन. दोन हात धरून लिटरला पन्नासेक चौरस फूट.

भडक तांबडा, लिंबोणी पिवळा उन्हात लवकर उडतो. मातीचे रंग टिकतात. मोरजीला मोरजाईच्या देवळातलं कावीकाम एकदा जवळून बघा: तांबडा थर खरवडून खालच्या चुन्याची पांढरी रेघ काढलेली. दोनच रंग, पण लांबून वाचता येतात. रस्त्यावरच्या चित्राला हेच हवं असतं.

आता माणसं. दिवाळी आटोपली की नरकासुराचे मोठाले पुतळे करणारी पोरं मोकळी असतात. परांची बांधणं, मोठा आकार डोळ्यांनी मापणं, रात्र जागवणं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. वाड्यावरच्या आजींनाही. बुजवलेली विहीर कुठे होती, कुणाच्या अंगणात शिगम्याचा मांड पडायचा, म्हणजे शिमग्याची नाच-गाणी व्हायची, हे त्याच सांगतात आणि विषय तिथेच मिळतो.

'मारियोसारखं काढ' हे मात्र हमखास ऐकावं लागतं. पणजीच्या बाजारात व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. नक्कल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि खरं सांगायचं तर करूही नये. 2019 मध्ये सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या निमित्ताने चित्रकार सॉलोमन सौझाने पणजीत गोव्याच्या नामवंतांचे चेहरे स्प्रेने रंगवले. ते बघा, चेहऱ्याची सावली किती थोड्या रंगांत उभी राहते.

परवानगी तोंडी घेऊ नका. घरमालकाचं पत्र, पंचायतीचं किंवा पालिकेचं ना-हरकत, आणि पणजीतल्या फोंतेन्हाससारख्या जतन क्षेत्रात संवर्धन समितीची मंजुरी, सगळं लेखी. मानधनाचं बोलणंही तेव्हाच. 'तुला प्रसिद्धी मिळेल' म्हणणाऱ्याला रंगाचं बिल दाखवा.

उरलेला रंग घरी आणू नका. डब्यावर शेडचा नंबर लिहून वाड्यातच कुणाकडे तरी ठेवा. पहिल्या पावसानंतर खालचा हातभर पट्टा चिखलाच्या शिंतोड्यांनी खराब होतोच. तो पोरं स्वतःच भरून काढतात.