पबमेडवर नेमका शोध कसा घ्यावा: विंचूदंशाचं उदाहरण

पबमेड म्हणजे वैद्यकीय संशोधनलेखांच्या नोंदींचा ऑनलाइन साठा. त्याच्या शोधचौकटीत अख्खा प्रश्न टाकू नका. 'विंचूदंशावर प्राझोसिन कितपत गुणकारी?' यात कामाचे शब्द दोनच, विंचूदंश आणि प्राझोसिन हे औषध. कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येकाखाली त्या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहा: स्कॉर्पियन स्टिंग, एन्व्हेनोमेशन (दंशातून होणारी विषबाधा), शिवाय शास्त्रीय नाव. कोकणातला लाल विंचू जुन्या लेखांत बुथस टॅम्युलस आहे, नंतर मेसोबुथस आणि आता हॉटेनटोटा. नुसतं 'टॅम्युलस' टाकलं की तिन्ही सापडतात.

एका रकान्यातले शब्द 'ऑर'ने जोडा, दोन रकाने 'अँड'ने. दोन्ही कॅपिटल अक्षरांत, आणि 'ऑर'चा गट कंसात हवाच. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. 'प्राझोसिन अँड स्टिंग ऑर एन्व्हेनोमेशन' असं बिनकंसाचं लिहिलंत, तर प्राझोसिनशी काडीचा संबंध नसलेले सर्पदंशाचे लेखही ढिगाने येतील.

शब्दाची वेगवेगळी रूपं हवी असतील तर शेवटी तारा (*) लावा. त्याआधी किमान चार अक्षरं लागतात, पण चारावर भागवू नका. 'स्कॉर्पियन'च्या पहिल्या चार इंग्रजी अक्षरांना तारा लावलात तर 'स्कोअर'वाले लेख अंगावर येतात. आणखी एक खोच: एरवी पबमेड तुमचा शब्द आपणहून मेश या ठरावीक विषयशीर्षकांच्या यादीशी जुळवतं. तारा किंवा अवतरणचिन्ह लावलं की ती सोय बंद पडते. म्हणून मेश शीर्षक वेगळं लिहा आणि शीर्षक-सारांशात शोधायचे शब्द त्याला 'ऑर'ने जोडा. नुसत्या मेशवर विसंबू नका, कारण सगळ्याच नोंदींना ती शीर्षकं लागलेली नसतात. वयाची किंवा 'फक्त माणसं' ही चाळणी लावल्यावर नोंदी गळतात त्याही बऱ्याचदा याचमुळे.

शोध घेतल्यावर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'डिटेल्स' उघडा. पबमेडने तुमच्या शब्दांचा काय अर्थ लावला ते तिथे अक्षरशः दिसतं. बहुतेक जण हे पाहतच नाहीत.

शेवटी ओळखीचा लेख लावून शोध तपासा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची प्राझोसिन आणि प्रतिविषाची चाचणी २०११मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. लेखकाचं नाव शोधताना आधी आडनाव, मग आद्याक्षरं, मध्ये टिंबं नकोत. तुमच्या यादीत ही नोंद नसेल तर ती वेगळी उघडा, तिची मेश शीर्षकं पाहा आणि राहिलेला शब्द रकान्यात घाला.